पेन्शनची फाइल सापडते, आठवणींची नाही! गावोगावच्या फौजींकडचा इतिहास लिहायचा कुणी?

सातारा : आपल्या भागात निवृत्त फौजी नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. शिपाई म्हणून रिटायर झालेला असो नाहीतर सुभेदार म्हणून, गाव त्याला 'मेजर' म्हणूनच हाक मारतं. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं जातं, शाल-नारळ होतो, फोटो ग्रुपवर पडतो. पण मेजरसाहेब नेमके कुठल्या पलटणीत होते, कुठल्या साली कुठे होते, तिथे काय पाहिलं, हे विचारलं तर अर्ध्या गावाला सांगता येत नाही. काही घरांत तर मुलांनाही सांगता येत नाही.

हा विषय आत्ता घ्यायचं कारण साधं आहे. १९७१ च्या लढाईत विशीत असलेला जवान आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. १९६५ वाले ऐंशीच्या पुढे गेले. १९६२ ला चीनच्या आघाडीवर असलेले तर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलेत. पुढच्या दहा वर्षांत या लढायांचा प्रत्यक्ष साक्षीदार आपल्या तालुक्यात शिल्लक राहील की नाही, सांगता येत नाही. म्हणजे जे काही विचारायचं ते आत्ताच विचारायला हवं.

नावं दगडावर आहेत, गोष्टी कुठे आहेत?

सातारा तालुक्यातलं अपशिंगे गाव सगळ्यांना माहीत आहे. गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं असं हे गाव. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी तसंच. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली निघाली ती साताऱ्यातच. फौजेचं आणि या मातीचं नातं किती जुनं आहे हे वेगळं सांगायला नको.

मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, जिला 'जंगी पलटण' म्हणतात, ती १७६८ सालची. तिथून आजवर अडीचशे वर्षं झाली. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी आजच्या इराकमध्ये लढल्या. कुत-अल-अमारा या गावात डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत वेढा पडला होता, त्यात मराठा पलटणीही अडकल्या. अन्न संपलं, घोडे आणि खेचरं मारून खायची वेळ आली. शेवटी शरणागती झाली आणि हजारो शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. दुसऱ्या महायुद्धात मराठा जवान आफ्रिकेत केरेनला लढले, पुढे इटलीत लढले. नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधल्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर, तर नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोघंही इटलीत लढत होते.

एवढं आपल्याला कळतं ते पलटणीच्या दप्तरामुळे आणि पदकांमुळे. पण कुतच्या वेढ्यातून जिवंत परत आलेला शिपाई गावात आल्यावर काय म्हणाला? घोड्याचं मांस समोर आल्यावर त्याला काय वाटलं? घरच्यांनी त्याला पुन्हा पंगतीला घेतलं का? याचं उत्तर आपल्याकडे नाही. कारण कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असेल तर लिहून ठेवलं नाही.

गंमत बघा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेलेल्या हिंदी शिपायांच्या पत्रांतला मजकूर आज वाचायला मिळतो. तो कुणी जपला? इंग्रज सरकारच्या सेन्सॉर खात्याने. शिपाई घरी काय लिहितोय यावर नजर ठेवायला पत्रं उघडली जायची, त्यातले उतारे इंग्रजीत उतरवून ठेवले जायचे. ते कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. म्हणजे आपल्या माणसाचं बोलणं शंभर वर्षं टिकलं ते सरकारच्या संशयामुळे. आपल्या मायेने ते टिकवलं नाही, हे मान्य करायला पाहिजे.

आठवण म्हणजे नुसती करमणूक नाही

'म्हाताऱ्याच्या लढाईच्या गोष्टी' असं म्हणून आपण हा विषय बाजूला टाकतो. पण फौजींच्या आठवणींनी या राज्यात हक्क मिळवून दिलेत, हा इतिहास आहे.

इंग्रजांच्या फौजेत महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे फौजेत सुभेदार होते. पण १८९० च्या दशकात सरकारने 'लढाऊ जाती'चं खूळ डोक्यात घेतलं आणि महारांची भरती बंद केली. तेव्हा गोपाळबुवा वलंगकर या निवृत्त फौजीने पेन्शनरांच्या वतीने सरकारकडे अर्ज केला. आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी कुठे कुठे रक्त सांडलं, हाच त्या मागणीचा पाया होता. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडल्यावर १९१७ साली महार पलटण उभी केली, आणि काम भागल्यावर १९२१ मध्ये मोडली. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्यासाठी बाबासाहेबांनी सरकारदरबारी जोर लावला होता. पेन्शनर फौजींनी आपली सेवा विसरू दिली नाही, म्हणून ही मागणी पन्नास वर्षं जिवंत राहिली.

दुसरं उदाहरण अलीकडचं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर हे फौजेत ईएमई कोअरमध्ये होते. १९६५ च्या लढाईत त्यांना गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग अधू झालं. त्याच माणसाने १९७२ साली जर्मनीतल्या हायडलबर्ग पॅरालिंपिकमध्ये पोहण्याच्या शर्यतीत भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री कधी मिळाली? २०१८ साली. मध्ये ४६ वर्षं गेली. २०२४ मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला तेव्हा कुठे घराघरांत नाव गेलं. सुवर्णपदक मिळवणाऱ्याची ही गत, तर सियाचीनच्या बर्फात बोटं गमावून आलेल्या साध्या शिपायाची गोष्ट कुणापर्यंत पोहोचणार?

अधिकाऱ्याचं पुस्तक, जवानाचा पार

आठवणी लिहिल्याच गेल्या नाहीत असं नाही. कोल्हापूर भागातले लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांनी आत्मचरित्र लिहिलं. इतर अधिकाऱ्यांचीही पुस्तकं आहेत. पण लिहिणारे बहुतेक अधिकारी. जवान, नाईक, हवालदार हे पारावर सांगतात, आणि सांगितलेलं तिथेच विरून जातं.

यात फरक कसा पडतो ते १९७१ च्या जमालपूरच्या लढाईवरून बघू. आजच्या बांगलादेशातलं हे गाव. तिथे पाकिस्तानची ३१ बलुच पलटण बसली होती आणि तिला घेरणाऱ्यांत आपली जंगी पलटण होती. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. समोरच्या कर्नलने उत्तर पाठवलं आणि त्या कागदात बंदुकीची एक गोळी गुंडाळून दिली. म्हणजे बोलणं बस्स, लढाई करा. पुढे १० डिसेंबरच्या रात्री तुंबळ लढाई झाली आणि जमालपूर पडलं. सहा दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाक्यात शरणागती झाली.

चिठ्ठी आणि गोळीचा हा किस्सा पुस्तकांतून आणि लेखांतून अनेकदा आला आहे, कारण तो अधिकाऱ्यांमधला होता. पण त्या रात्री खंदकात कोण होतं? तर सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगाव भागातली विशीतली पोरं. अंधारात समोरून लोंढा येताना त्यांना काय दिसलं, शेजारचा पडल्यावर त्यांनी काय केलं, दुसऱ्या दिवशी सकाळी जेवण कुणी आणलं, ही लढाईची दुसरी बाजू आहे. ती फक्त त्यांच्याकडे आहे.

यातही लंगरातला स्वयंपाकी, गाडी चालवणारा ड्रायव्हर, सिग्नलवाला, नर्सिंग असिस्टंट यांना तर कुणी विचारतच नाही. 'तुम्ही लढाईत नव्हता का मग?' असं लोक तोंडावर म्हणतात. खंदकापर्यंत दारूगोळा आणि रोटी गेल्याशिवाय लढाई होत नाही, हे कळायला त्यांच्याच आठवणी ऐकाव्या लागतात.

जिंकलेलं सगळे सांगतात, बाकीचं आत राहतं

१९७१ आणि कारगिल यांच्या आठवणी निघतात, कारण तिथे विजय आहे. १९६२ ची आठवण माणूस काढत नाही. त्या लढाईबद्दलचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल साठ वर्षांनंतरही सरकारने खुला केलेला नाही. मग पायात कॅनव्हासचे बूट घालून बर्फात उभा राहिलेला जवान काय सांगणार आणि कुणाला सांगणार? आपण हरलो याचा ठपका त्याने मनातल्या मनात स्वतःवर घेतलेला असतो.

श्रीलंकेचंही तसंच. १९८७ ते १९९० या काळात भारताची शांतिसेना तिथे होती. अकराशेहून जास्त जवान तिथे गेले. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना तिथल्याच कामगिरीसाठी मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. पण शांतिसेना परत आली तेव्हा गावोगाव मिरवणुका निघाल्या नाहीत. ही लढाई कशासाठी होती, हेच लोकांना समजलं नव्हतं. त्यात गेलेला जवान आज साठीच्या आसपास आहे. आपल्यातच वावरतो, सोसायटीच्या मीटिंगला येतो, पण 'श्रीलंकेत होतो' याच्या पुढे बोलत नाही.

दिल्लीतल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर पंचवीस हजारांहून जास्त हुतात्म्यांची नावं कोरलेली आहेत. २०१९ साली ते उभं राहिलं, चांगलं झालं. पण जो जिवंत परत आला आणि रात्री दचकून उठतो, त्याचं नाव कुठल्या दगडावर येत नाही. त्याच्यासाठी ऐकणारा माणूस हेच स्मारक.

घरातल्या बाईचीही एक लढाई असते

फौजीच्या आठवणी म्हणजे फक्त फौजीच्या नव्हेत. पत्त्यात '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' एवढंच असायचं. नवरा नेमका कुठे आहे हे घरच्यांना कळायचं नाही. आंतरदेशीय पत्र आलं की ज्या बायकांना वाचता येत नव्हतं त्या मास्तरकडे नाहीतर पोस्टमनकडे जायच्या. नवऱ्याचं पत्र परक्या माणसाच्या तोंडून ऐकायचं, आणि उत्तरही त्याच्याच हातून लिहून घ्यायचं. मनातलं किती सांगणार? लढाईच्या दिवसांत तारवाला गल्लीत शिरला की सगळ्या घरांची दारं उघडायची. मनीऑर्डर उशिरा आली तर दुकानदाराची उधारी, सासू-सासऱ्यांचं आजारपण, पेरणी, सगळं एकटीच्या अंगावर.

या बायका आज आजी झाल्यात. त्यांच्यासमोर मोबाइल धरून 'आजी, तेव्हा कसं निभावलं?' असं कुणी विचारलं का? फौजीची मुलाखत घ्यायला गेलेली पोरंसुद्धा आजीला चहा करायला पाठवतात.

बाहेर काय चाललंय?

अमेरिकेत २००० साली संसदेने कायदा करून माजी सैनिकांच्या आठवणी गोळा करायचं काम त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे दिलं. तिथे कुणीही, अगदी शाळेतला मोठा मुलगाही, आपल्या आजोबांची मुलाखत घेऊन पाठवू शकतो. अट एवढीच की मुलाखत किमान ३० मिनिटांची हवी. अधिकारी, जवान, स्वयंपाकी असा भेद नाही. आजवर एक लाखाहून अधिक माजी सैनिकांच्या आठवणी तिथे जमा झाल्यात.

आपल्याकडे जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण जाहीर केलं. त्यात २५ वर्षांपेक्षा जुन्या युद्धनोंदी तपासून राष्ट्रीय अभिलेखागारात द्यायच्या, आणि लढाई संपल्यावर ठराविक मुदतीत तिचा अधिकृत इतिहास लिहायचा, असं ठरलं. पाऊल चांगलं आहे. पण ते कागदांबद्दल आहे. युनिटची डायरी आणि ऑपरेशनच्या फाइली त्यात येतात, गावातल्या मेजरची पारावरची गोष्ट येत नाही. ती गोळा करायला दिल्लीहून कुणी येणार नाही, हे गृहीत धरूनच चालायला हवं.

मग गावाने काय करायचं?

एका स्मार्टफोनमध्ये हे काम होतं. फक्त पद्धत पाहिजे.

पहिलं, सुरुवात लढाईपासून करू नये. 'किती मारले?' हा प्रश्न तर विचारूच नये. भरतीपासून सुरू करावं. भरती कुठे झाली, छाती मोजताना काय झालं, घरच्यांना सांगून गेलात का पळून, ट्रेनिंग सेंटरला पहिल्या रात्री काय खाल्लं, पहिल्या पगारातून घरी किती पाठवले. माणूस मोकळा झाला की पुढचं आपोआप येतं. रडू आलं तर रेकॉर्डिंग थांबवावं. एका बैठकीत सगळं उरकायचा हट्ट धरू नये.

दुसरं, काळी ट्रंक उघडायला सांगावी. त्यातली पदकं बरंच काही सांगतात. १९६५ ला आघाडीवर असलेल्यांना समर सेवा स्टार, १९७१ ला पूर्वेला असलेल्यांना पूर्वी स्टार आणि पश्चिमेला असलेल्यांना पश्चिमी स्टार मिळाला. कारगिलवाल्यांना ऑपरेशन विजय स्टार. सियाचीनचं पदक वेगळं. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर आणि नाव कोरलेलं असतं, भिंगाने वाचता येतं. माणूस गेला असला तरी पदकावरून तो कुठे होता याचा माग लागतो. ही पदकं भंगारात किंवा नातवंडांच्या खेळण्यात जाऊ देऊ नका.

तिसरं, आठवण आणि नोंद यांचा मेळ घालावा. पन्नास वर्षांनी माणसाच्या साल-तारखा पुढंमागं होतात. त्याला खोटं पाडायचं नाही. पण डिस्चार्ज बुकातली तारीख शेजारी लिहून ठेवायची. व्हॉट्सअॅपवर फिरणारे लढाईचे किस्से आणि आपल्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं, यातला फरक तिथेच कळतो.

चौथं, बसलाच आहात तर कागदही बघून घ्या. बायकोचं नाव आणि जन्मतारीख डिस्चार्ज बुकात, पेन्शनच्या पीपीओमध्ये आणि आधारवर सारखीच आहे का? फौजेच्या भाषेत 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात, त्यात लग्नाची आणि मुलांची नोंद झालेली आहे का? कागदाला नाव 'लक्ष्मीबाई' आणि आधारला 'लक्ष्मी' एवढ्यावरून माघारी फॅमिली पेन्शन अडकू शकते. फरक असेल तर मेजर हयात असतानाच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन दुरुस्तीचं मार्गी लावा. नोकरीत लागलेला मार, कुठल्या मिलिटरी हॉस्पिटलात होते, मेडिकल बोर्ड कधी झालं, हेही आठवतंय तोवर लिहून घ्या. दाव्याच्या वेळी हेच कामाला येतं.

पाचवं, काय ग्रुपवर टाकायचं नाही हेही ठरवा. डिस्चार्ज बुक, पीपीओ, बँक पासबुक यांचे फोटो अजिबात टाकू नका. पेन्शनरांना फसवणारे फोनवाले टपलेलेच आहेत. जो अलीकडेच रिटायर झालाय त्याला चौक्या, हत्यारं, तैनातीबद्दल खोदून विचारू नका. सरकारी गुपितांचा कायदा १९२३ पासून आहे आणि तो निवृत्तीनंतरही लागू असतो. घरी रेकॉर्ड करताना परवानगी घ्या, आणि माणूस 'हे बाहेर नको' म्हणाला तर ते बाहेर नको.

सहावं, एका मोबाइलवर विसंबू नका. मोबाइल पडला, फुटला की गेलं सगळं. एक प्रत घरात पेनड्राइव्हवर, एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत. आणि कागदावर दोन पानं तरी लिहून ठेवा. नाव, गाव, पलटण, भरती आणि निवृत्तीचं साल, कुठे कुठे सेवा, आणि त्यांच्याच शब्दांतल्या चार गोष्टी. कागद पन्नास वर्षं टिकतो.

अग्निवीरांचं काय?

या सगळ्याला एक नवीन बाजू येते आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम, बाकीचे परत घरी. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६-२७ मध्ये पुरी होत आहेत. परत येणाऱ्याला एकरकमी पैसे मिळतील, पण पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही.

म्हणजे विशी-पंचविशीतली पोरं फौज पाहून गावात येणार. गाव त्यांना 'मेजर' म्हणणार का? २६ जानेवारीला पुढची खुर्ची देणार का? का 'चार वर्षं जाऊन आला' म्हणून टिंगल होणार? योजना चांगली की वाईट, यावर वाद होत राहतील. पण सीमेवर चार वर्षं काढलेल्या पोराकडे सांगण्यासारखं काही नाही असं समजणं चुकीचं ठरेल. कुणी ऐकलंच नाही, तर त्याच्याही मनात ते साचत जाईल. आजोबा, बाप आणि नातू असे तिघं फौजी ज्या घरात आहेत, त्या घरात तिघांनाही एकत्र बसवून विचारायला हवं.

कॅलेंडरवर तारखा आहेतच

नवीन कार्यक्रम काढायची गरज नाही. १४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली याच तारखेला निवृत्त झाले. संक्रांतीच्या गडबडीत तो कुणाच्या लक्षात येत नाही. २६ जुलैला कारगिल विजय दिवस, ७ डिसेंबरला ध्वजदिन, १६ डिसेंबरला विजय दिवस. यातली एक तारीख धरून ग्रामपंचायतीने ठराव करावा की गावातल्या प्रत्येक फौजीची नोंद या वर्षात पूर्ण करायची. खर्च एका वहीचा. नववी-दहावीची मुलं, दोन शिक्षक आणि गावातलेच तरुण माजी सैनिक एवढे लोक पुरेसे आहेत. तरुण माजी सैनिक बरोबर असला की म्हातारा फौजी लवकर खुलतो, कारण पलटणीची भाषा दोघांना कळते.

सत्कार जरूर करा. पण पुढच्या वेळी शाल अंगावर टाकल्यावर माइक सरपंचाच्या हातातून घेऊन मेजरसाहेबांच्या हातात द्या आणि गावाला दहा मिनिटं गप्प बसायला सांगा. कार्यक्रम लांबला तरी चालेल. यादीत सर्वात वयस्कर फौजी कोण आहे ते आजच बघा, आणि सुरुवात त्यांच्यापासून करा.